चर्चमधली फेअर ट्रेड कॉफी आणि डोंगरातले छोटे शेतकरी : नुसतं पाकीट विकत घेऊन भागतं का?

रानवारा

फेअर ट्रेड कॉफी, म्हणजे छोट्या शेतकऱ्यांच्या संघाला ठरलेला किमान भाव देऊन घेतलेली कॉफी, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पाकिटावरचा शिक्का येतो आणि चर्चा पण तिथेच अडकते, शिक्का खरा का खोटा. मला जरा वेगळं बोलायचंय. ही चळवळ उभी राहिली त्यात चर्चच्या लोकांचा वाटा खूप मोठा आहे, आणि ती छोट्या शेतकऱ्याच्या कामाची राहायची असेल तर चर्चनी आता पाकिटं विकण्यावर न थांबता तोडणीच्या आधी पैसा पुरवायचं काम अंगावर घ्यायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. लांबणार आहे, वाचा सवडीने.

सुरुवात कॉफीपासून झालीच नाही. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर नावाच्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या बाई पोर्तो रिकोला गेल्या, तिथल्या बायकांचं भरतकाम बघितलं आणि ते अमेरिकेत आणून ओळखीपाळखीत विकायला लागल्या. त्यातूनच पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही फेअर ट्रेड दुकानांची संस्था झाली. १९४९ मध्ये चर्च ऑफ द ब्रदरनच्या लोकांनी युद्धातल्या निर्वासितांच्या हस्तकलेसाठी सर्व्ह ही संस्था काढली. कॉफी आली ती १९७३ मध्ये, ग्वाटेमालाच्या सहकारी संघाची, हॉलंडमार्गे. जर्मनीत १९७५ ला गेपा ही फेअर ट्रेड कंपनी उभी राहिली तीही चर्चच्या संस्था आणि युवक संघटनांच्या जोरावर.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मेक्सिकोतली गोष्ट. ओआहाका राज्यातल्या डोंगरात आदिवासी कॉफी उत्पादकांनी १९८३ च्या सुमारास उसिरी नावाचा संघ बांधला. तेवांतेपेकचे बिशप आर्तुरो लोना रेयेस त्यांच्या पाठीशी होते आणि फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच फादर तिथेच राहून शेतात काम करत होते. तोपर्यंत दलाल दारात येऊन वजनात मारणार, भावात मारणार, आणि पावसाळ्यात धान्य उधार देऊन पीक आधीच लिहून घेणार असा प्रकार. त्या शेतकऱ्यांचं म्हणणं अगदी साधं होतं, आम्हाला मदत नको, कॉफीला रास्त भाव द्या. फादरांनी ते हॉलंडमधल्या सॉलिडारिदाद या चर्चच्या पाठिंब्यावरच्या संस्थेतल्या निको रोझेन यांच्याकडे नेलं आणि १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्स हावेलार हा जगातला पहिला फेअर ट्रेड शिक्का बाजारात आला. म्हणजे शिक्का आधी आणि शेतकरी नंतर असं नव्हतं, मागणी शेतकऱ्याचीच होती.

आणि वेळ कशी आली बघा, पुढच्याच वर्षी जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचा कोटा मोडला. १९६२ पासून देशादेशांत वाटून दिलेल्या कोट्यामुळे भाव निदान धरून होता, तो गडगडला.

तुमची मतं सांगा, विशेषतः ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी.

साधाप्रश्न

छान धागा. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एक अगदी बेसिक विचारतो, चर्चचं यात नक्की काम काय असतं? म्हणजे कॉफी तर कुणीही विकू शकतं ना, दुकानात पण मिळते शिक्क्याची. चर्च मधे कशाला?

निळावंती

मी सांगते, मी अमेरिकेत आमच्या चर्चच्या कॉफीची ऑर्डर बघते.

प्रार्थना झाली की लोक लगेच घरी जात नाहीत, हॉलमध्ये थांबतात, कॉफी पितात, बोलतात. हे दर रविवारी, वर्षभर, त्यामुळे एका चर्चला किती कॉफी लागते हे आधीच माहीत असतं आणि त्यात फारसा चढउतार नसतो. अशी हजारो चर्च धरा. कुठल्याही व्यापाऱ्याला असं ठरलेलं गिऱ्हाईक सोन्यासारखं असतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये इक्वल एक्सचेंज म्हणून कामगारांच्या मालकीची सहकारी कंपनी आहे, १९८६ ला सुरू झाली, पहिली कॉफी निकाराग्वाची, आणि तीही अशा काळात जेव्हा अमेरिकेने निकाराग्वावर व्यापारबंदी घातली होती. त्यांनी १९९६ मध्ये लुथरन वर्ल्ड रिलीफ या चर्चच्या मदतसंस्थेबरोबर चर्चसाठी वेगळा कार्यक्रम काढला. मग प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन, ब्रदरन, कॅथलिक असे एकेक करून बरेच पंथ आले. चर्चला घाऊक भावात खोकी मिळतात, काही आपण वापरायची काही लोकांना घरी न्यायला विकायची, आणि बऱ्याच पंथांच्या करारात प्रत्येक पौंडामागे काही सेंट शेतकऱ्यांच्या निधीला परत जातात.

ब्रिटनमध्ये ट्रेडक्राफ्ट नावाची फेअर ट्रेड कंपनी होती, तिथे चर्चमधले स्वयंसेवक टेबल मांडून विकायचे. १९९१ मध्ये ऑक्सफॅम, ट्रेडक्राफ्ट, ट्विन आणि तिथली इक्वल एक्सचेंज (नाव तेच, कंपनी वेगळी) यांनी मिळून कॅफेडायरेक्ट हा कॉफीचा ब्रँड काढला, तेही सुरुवातीला चर्चचे हॉल आणि धर्मादाय दुकानं यातूनच विकलं गेलं. सुपरमार्केट दारात उभं करत नव्हतं तेव्हा या टेबलांनी माल खपवून दाखवला. आज दुकानात शिक्क्याची कॉफी मिळते ना साधाप्रश्न, ती यामुळे मिळते.

चवीबद्दल पण लिहिते, कारण कुणीतरी विचारणारच. सुरुवातीच्या काळातली ही कॉफी कडू आणि एकसारखी नसलेली असायची, लोक निष्ठेपोटी प्यायचे. आता तसं राहिलेलं नाही, सहकारी संघांनी स्वतःचे चव तपासणारे लोक तयार केलेत, आणि आमच्याकडे कॉफी आवडली म्हणून पाकीट नेणारेच जास्त आहेत.

हिशेबी

रानवारा, तुमचा धागा तळमळीने लिहिलाय हे दिसतंय, पण मला आकड्यातून बोलू द्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये अरेबिका जातीच्या कॉफीचा फेअरट्रेड हमीभाव पौंडाला १.८० डॉलर ठरला आणि वर २० सेंट सामुदायिक निधी म्हणजे प्रीमियम. सेंद्रिय असेल तर आणखी ४० सेंट. हा भाव जहाजावर चढवलेल्या मालाचा आहे, शेतकऱ्याच्या हातातला नाही. त्यातून टरफल काढणं, वर्गवारी, पोती, बंदरापर्यंतचा ट्रक, संघाचा पगार, प्रमाणपत्राची फी, कर्जावरचं व्याज, सगळं जातं. १२ औंसाच्या पाकिटाला भाजताना होणारी घट धरून साधारण ०.९ पौंड कच्चा दाणा लागतो, म्हणजे हमीभाव आणि प्रीमियम मिळून संघाला त्या पाकिटामागे १ डॉलर ८० सेंट मिळाले. चर्चमध्ये पाकीट १० डॉलरला विकलं असं धरलं तर बाकीचे ८ डॉलर २० सेंट श्रीमंत देशातच राहिले. मग सरळ पाकीट न घेता ते १० डॉलर दान का करू नयेत?

दुसरं, २०११ मध्ये हमीभाव १.४० केला तो २०२३ च्या ऑगस्टपर्यंत हललाच नाही. बारा वर्षात खत, मजुरी, डिझेल सगळं वाढलं. याला रास्त कसं म्हणायचं?

आणि तिसरं, २०१४ मध्ये लंडनच्या सोआस संस्थेचा इथिओपिया आणि युगांडावरचा अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की फेअरट्रेड भागातल्या मजुरांना इतर ठिकाणच्या मजुरांपेक्षा चांगली मजुरी मिळत नव्हती, उलट बऱ्याचदा कमीच. शेतकरी छोटा असला तरी तोडणीला माणसं लावतो, त्यांचं काय? चर्चच्या माहितीपत्रकात हे कधीच नसतं.

साधाप्रश्न

हिशेबींचा पहिला मुद्दा मलाही पटला. दान का नाही?

रानवारा

हिशेबी, तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, टाळत नाही.

मजुरांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. फेअरट्रेडची कॉफीची रचना जमीन असलेल्या कुटुंबासाठी केलेली आहे आणि ज्याच्याकडे जमीनच नाही तो त्यात बाजूला पडतो. चर्चनी खरेदी करताना संघाला हा प्रश्न थेट विचारायला हवा, की तोडणीच्या माणसांना काय देता आणि राहायची सोय काय. विचारणारं गिऱ्हाईक असलं की संघाच्या सभेत तो विषय निघतो. हमीभाव बारा वर्षं अडकला हेही वाईटच झालं, त्याबद्दल स्वतः उत्पादकांच्या संघटनाच ओरडत होत्या.

दानाबद्दल मात्र माझा विरोध आहे. दान एकदा येतं. यंदा आलं, पुढच्या वर्षी चर्चला दुसरा विषय सापडला, संपलं. व्यापाराचं नातं असलं तर संघाला दर वर्षी बसून माल तपासावा लागतो, हिशोब ठेवावे लागतात, कंटेनर वेळेवर भरावा लागतो, आणि हे सगळं करताना त्यांची जी ताकद तयार होते ती कुठल्याही देणगीने होत नाही. तोच संघ मग बँकेत जाऊन कर्ज मागू शकतो, सरकारी कचेरीत जाऊन रस्ता मागू शकतो.

२००१ चं उदाहरण घ्या. जागतिक सरासरी भाव पौंडाला ४५ सेंटवर आला होता. फेअरट्रेडचा भाव तेव्हा १.२१ अधिक ५ सेंट. समजा एका कुटुंबाचं पीक ६०० किलो, म्हणजे साधारण १३२० पौंड. बाजारभावाने त्याचे ५९४ डॉलर होतात आणि फेअरट्रेडने १६६३. दोन्ही आकडे निर्यातीच्या पातळीवरचे आहेत, खर्च दोन्हीतून जाणार, पण पहिल्यात तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. त्या दोन-तीन वर्षांत मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतल्या किती बागा तशाच झाडावर फळं सोडून मोकळ्या पडल्या, माणसं उत्तरेकडे निघाली. ज्यांचा माल या मार्गाने जात होता त्यातले बरेच टिकले. अर्थात सगळा माल नाही, बहुतेक संघांना आपल्या मालातला काही भागच फेअरट्रेड भावाने विकता येतो, बाकीचा साध्या बाजारात जातो. गिऱ्हाईक कमी पडतं. म्हणून तर चर्चची गरज.

निळावंती

माणसं उत्तरेकडे निघाली हे वाचलं आणि काफे हुस्तो हा मेक्सिकोतला कॉफी संघ आठवला, तो इथे यायलाच हवा.

मेक्सिकोच्या चियापास राज्यात साल्वादोर उर्बिना नावाचं गाव आहे, ग्वाटेमालाच्या सीमेला लागून. तिथली कॉफी पडेल भावाला जायला लागली तेव्हा गावातली माणसं निघाली ती थेट अमेरिकेच्या सीमेपर्यंत, आग्वा प्रिएता या शहरात आली, कारखान्यात कामाला लागली, काही वाळवंट ओलांडायला निघाली. तिथे प्रेस्बिटेरियन चर्चचं फ्रोंतेरा दे क्रिस्तो नावाचं सीमेवरचं सेवाकार्य आहे. चर्चच्या लोकांनी या माणसांना विचारलं तुम्ही घर का सोडलं, आणि उत्तर कॉफी आलं. मग २००२ मध्ये छोटं कर्ज घेऊन त्यांनी भाजायचं यंत्र बसवलं, आग्वा प्रिएतामध्येच. पिकवणारे गावात, भाजणारे आणि पाठवणारे त्याच गावातून आलेले लोक सीमेवर, आणि गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतली चर्च.

हिशेबी, तुमच्या त्या ८ डॉलर २० सेंटचं उत्तर मला यात दिसतं. भाजणं, पाकीट भरणं, विकणं हे सगळं उत्पादकांच्याच संस्थेत राहिलं म्हणून जास्त पैसा मेक्सिकोत राहिला, आणि त्यातून सभासदांना आरोग्य विमा आणि म्हातारपणाची पेन्शन मिळायला लागली. छोट्या कॉफी शेतकऱ्याला पेन्शन! हे वाचून मला किती आनंद झाला होता सांगू शकत नाही.

पाऊसपाणी

मला एक विचारायचंय, जरा नाजूक आहे पण मनापासून विचारते. चर्चचा पैसा आणि चर्चची ओळख आली की त्या शेतकऱ्यांवर धर्माचा दबाव येत नाही का? आमच्या पंथात या, मग कॉफी घेतो, असं?

रानवारा

पाऊसपाणी ताई, विचारलंत ते बरं केलंत, हा प्रश्न कुजबुजीत ठेवण्यापेक्षा उघड विचारलेला चांगला.

फेअरट्रेडच्या नियमात सभासदाला धर्म, वंश, लिंग यावरून डावलता येत नाही. सहकारी संघात प्रवेश सगळ्यांना खुला, एक सभासद एक मत. शिवाय इक्वल एक्सचेंजसारखी कंपनी सगळ्या पंथांच्या चर्चसाठी एकाच संघांकडून खरेदी करते, त्यामुळे लुथरन पैसा कुठला आणि कॅथलिक कुठला हे शेतकऱ्याला कळणारही नाही.

आणि एक उदाहरण देतो, युगांडात म्बालेजवळ २००४ मध्ये जे. जे. केकी या ज्यू शेतकऱ्याने शेजारच्या मुस्लिम आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांना घेऊन सहकारी संघ काढला, मिरेंबे कावोमेरा. तीन धर्मांची माणसं एकाच गोदामात माल आणतात. कॅलिफोर्नियातली एक रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारी कंपनी तो माल घ्यायची आणि तो अमेरिकेतल्या सिनेगॉगमध्ये पण विकला जायचा, चर्चमध्ये पण.

दुसरीकडे श्रद्धा हीच ताकद ठरली असंही झालंय. चियापासमध्ये लास आबेहास म्हणून अहिंसा मानणाऱ्या कॅथलिक आदिवासींची संघटना आहे. २२ डिसेंबर १९९७ ला आक्तेआल गावात ते प्रार्थना करत असताना सशस्त्र टोळीने ४५ जणांना मारलं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यानंतर लोक विस्थापित छावण्यांत, बागा दुसऱ्यांच्या ताब्यात, माल कुणी घेईना. त्या लोकांनी १९९९ मध्ये माया विनिक हा कॉफी संघ उभा केला. अशा वेळी बाहेरचा खरेदीदार बाजारभाव सोडून आणखी काय देतो, तर सोबत देतो. मला हे फार मोठं वाटतं.

पाऊसपाणी

वाचून सुन्न झाले. धन्यवाद, शंका गेली असं नाही म्हणणार पण कुठे बघायचं ते कळलं, सभासदत्व खुलं आहे का आणि मत कुणाला आहे.

मोजमाप

मी कच्च्या कॉफीच्या खरेदी-विक्रीत काम करतो त्यामुळे वायदे बाजाराच्या बाजूने लिहितो. तुम्ही सगळे पडलेल्या भावाबद्दल बोलताय, अलीकडच्या वर्षांतला त्रास उलटा होता. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायद्यात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली, तोपर्यंतचा उच्चांक. आता तुम्ही म्हणाल मग छानच, शेतकऱ्याची चंगळ. तसं नाही.

काय होतं ते बघा. संघाने खरेदीदाराबरोबर करार आधी केलेला असतो. फेअरट्रेडचा नियम असा की बाजार हमीभावाच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा, पण करारात भाव कधी पक्का केला त्यावर सगळं अवलंबून. भाव चढत असताना दलाल, तिकडे त्याला कोयोते म्हणतात, ट्रक घेऊन शेतकऱ्याच्या दारात रोख पैसे घेऊन उभा. संघ सांगतो माल आणा, थोडी उचल देतो, बाकीचे माल विकल्यावर. आता घरात पोरगं आजारी, शाळेची फी थकलेली, त्या माणसाने काय करायचं? रोख घेतो. मी त्याला दोष देणार नाही. पण संघाकडे माल कमी पडतो, करार मोडतो, बँक दुसऱ्या वर्षी कर्ज देत नाही. २०२१ मध्ये कोलंबियात हे फार मोठ्या प्रमाणात झालं, शेतकऱ्यांनी ठरलेला माल दिलाच नाही, संघ आणि निर्यातदार अडचणीत आले. आणि भाव चढला की तोच कंटेनर विकत घेऊन ठेवायला संघाला दुप्पट रोकड लागते, ती आणायची कुठून.

थोडक्यात, पडत्या बाजारात हमीभाव वाचवतो आणि चढत्या बाजारात हातातली रोकड. फेअरट्रेडच्या नियमात संघाने मागितलं तर कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम मिळण्याची तरतूद आहे. कागदावर. छोटे रोस्टर स्वतःच कर्जावर चालतात, ते कुठून देणार.

रानवारा

मोजमाप साहेब, तुम्ही माझ्या धाग्याचा गाभाच लिहिलात. मला जे पहिल्यापासून म्हणायचंय ते हेच.

जरा वर्षाचं चक्र डोळ्यासमोर आणा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत तोडणी साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका किलो कच्च्या दाण्याला पाच-सहा किलो लाल फळं हाताने तोडावी लागतात, तीही एकदम नाही, पिकतील तशी तीन-चार फेऱ्यांत. मग साल काढणं, आंबवणं, धुणं, उन्हात वाळवणं. माल जहाजावर चढतो वसंतात किंवा उन्हाळ्यात. म्हणजे खर्च आधी आणि पैसा सहा-आठ महिन्यांनी. पैसा हातात आला की जुनं कर्ज फिटतं, आणि पावसाळा लागला की घरातलं धान्य संपतं. तिथले लोक या काळाला सरळ हडकुळे महिने म्हणतात. कॉफी पिकवणाऱ्या बऱ्याच घरांत या महिन्यांत जेवण कमी होतं. दलाल नेमका याच महिन्यात येतो आणि पुढचं पीक लिहून घेतो.

त्यात २०१२-१३ ला तांबेरा आला. पानांवर केशरी भुकटी धरते, पानं गळतात, झाड उघडं पडतं. ग्वाटेमालाने फेब्रुवारी २०१३ मध्ये आणीबाणी जाहीर केली इतकं पीक गेलं. नवीन रोप लावलं तर फळ धरायला तीन वर्षं. या तीन वर्षांचा पैसा कोण देणार? कुठलीही व्यापारी बँक डोंगरातल्या दोन हेक्टरवाल्याला तीन वर्षांचं कर्ज बिनतारण देत नाही.

आता चर्चकडे काय आहे ते बघा. चर्चकडे पैसा असतो जो पडून असतो. इमारतीचा निधी, पेन्शन निधी, मृत्युपत्रातून आलेल्या देणग्या, पंथाची गुंतवणूक. आणि चर्चला घाई नसते, तिमाही नफा कुणाला दाखवायचा नसतो. असा धीर धरणारा पैसा बाजारात सहज मिळत नाही.

हे करून दाखवलेलं आहे, मी हवेत बोलत नाही. १९७५ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकारातून हॉलंडमध्ये ओइकोक्रेडिट ही सहकारी वित्तसंस्था उभी राहिली. चर्च आणि सामान्य लोक तिच्यात पैसे ठेवतात, ती शेतकऱ्यांच्या संघांना कर्ज देते, कॉफीच्या संघांना पण. ब्रिटनमध्ये १९९० पासून शेअर्ड इंटरेस्ट आहे, तिचं काम मुख्यतः फेअर ट्रेडच्या व्यवहारात आगाऊ रक्कम पुरवण्याचं. व्याज फार मिळत नाही, पण मुद्दल फिरत राहतं, तोडणीच्या आधी संघाकडे जातं, माल विकला की परत येतं, पुढच्या वर्षी पुन्हा जातं. हिशेबी, तुमचे ते दानाचे १० डॉलर एकदाच खर्च झाले असते, इथे तेच १० डॉलर दर हंगामात कामाला येतात.

बहुतेक चर्च वर्षाला काही शे डॉलरची कॉफी घेतात आणि आपण शेतकऱ्यांबरोबर आहोत असं समाधान मानतात. घ्यावीच, मी नको म्हणत नाही. पण त्याच चर्चचा मोठा निधी कुठल्यातरी साध्या फंडात पडलेला असतो आणि त्यातला एक टक्काही या कामाला लावावा असं कुणाला सुचत नाही, याची मला खंत वाटते.

हिशेबी

हे पटलं. फिरतं मुद्दल हा मुद्दा दानापेक्षा मजबूत आहे. पण जोखीम? संघ बुडाला तर? चर्चचा पेन्शन निधी म्हणजे कुणातरी म्हाताऱ्या पाळकाचं पोट आहे.

मोजमाप

जोखीम आहेच, त्यामुळे एकट्या चर्चने एका संघाला थेट कर्ज द्यायला जाऊ नये असं मी सांगेन. चलन, पाऊस, तांबेरा, वायदा, संघातलं राजकारण, एवढं सगळं एका समितीला बघता येणार नाही. वित्तसंस्थेतून गेलं की पैसा अनेक देशांत, अनेक पिकांत वाटला जातो. आणि पेन्शन निधीला हात लावू नका, इमारतीच्या निधीतला पाच वर्षं न लागणारा भाग लावा.

एवढं मोठं जमत नसेल त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे, ऑर्डर आधी द्या. चर्चला वर्षाला किती कॉफी लागते ते माहीत आहे असं निळावंतीताईंनी लिहिलंय. मग ते सप्टेंबरमध्येच रोस्टरला लेखी द्या आणि जमलं तर अर्धे पैसे आधी भरा. शंभर चर्चनी असं केलं तर रोस्टर त्या कागदाच्या जोरावर पूर्ण कंटेनरचा करार संघाबरोबर तोडणीआधी करू शकतो. एका कंटेनरमध्ये ६९ किलोची साधारण २७५ पोती बसतात, म्हणजे १९ टनांच्या आसपास. आमच्या धंद्यात पक्की ऑर्डर हीच सगळ्यात मोठी मदत असते.

साधाप्रश्न

मग शिक्का कुठला बघायचा? दोन-तीन वेगवेगळे दिसतात.

रानवारा

२०११ मध्ये फूट पडली. फेअर ट्रेड यूएसए आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली आणि कॉफीत मोठ्या मळ्यांनाही प्रमाणपत्र द्यायला लागली. मजुरांचा विचार केला तर त्यामागे एक युक्तिवाद आहे, हिशेबींनी वर लिहिलंच आहे, पण छोट्या शेतकऱ्यांच्या संघांना वाटलं की आता मळेवाल्याशी आमच्याच शिक्क्याखाली स्पर्धा करायची. मला त्यांचं पटतं. लॅटिन अमेरिकेतल्या उत्पादकांनी त्याआधीच स्वतःचं एसपीपी हे चिन्ह काढलं होतं, त्याची मालकी छोट्या उत्पादकांचीच. चर्चला निवड करायची असेल तर शिक्का बघाच, पण पाकिटावर संघाचं नाव आहे का तेही बघा. नाव असेल तर चौकशी करता येते.

निळावंती

मंडळी, खूप शिकायला मिळालं. पुढच्या महिन्यात आमच्या मिशन समितीची बैठक आहे, मी विषय मांडणार आहे. नक्की काय मागू? एकदम इमारतीच्या निधीचं काढलं तर विषय तिथेच बंद पडेल, माणसं घाबरतात.

मोजमाप

ताई, पहिल्या वर्षी फक्त आगाऊ ऑर्डर मागा. गेल्या वर्षीची खरेदी काढा, त्यातला ८० टक्के आकडा पक्का धरा, म्हणजे उपस्थिती घटली तरी अंगावर येणार नाही. उन्हाळ्यात कॉफीचा तास बंद राहणार असेल तर ते वजा करा. रोस्टरला विचारा की हा माल कुठल्या संघाचा येणार, करार कोणत्या महिन्यात होतो आणि आगाऊ रक्कम संघाला खरंच जाते का, किती टक्के.

हिशेबी

आणि तोडणीच्या मजुरीचा प्रश्न त्याच पत्रात घाला, विसरू नका.

रानवारा

हो, तो नक्की घाला. निधीचा विषय दुसऱ्या वर्षी काढा निळावंती ताई, आणि तेव्हाही रक्कम लहान ठेवा, ओइकोक्रेडिटसारख्या संस्थेचा वार्षिक अहवाल आधी खजिनदारांच्या हातात द्या. खजिनदार पटले की समिती पटते. बैठकीत काय झालं ते इथे येऊन लिहा, आणखी कुणी आपापल्या चर्चमध्ये, मंदिरात, गुरुद्वारात, कुठल्याही संस्थेत असं काही करत असेल तर त्यांनीही लिहा, ही पद्धत कुणालाही वापरता येते.

निळावंती

लिहिते. गेल्या वर्षीची बिलं काढायला घेतलीत, पत्राचा मसुदा झाला की इथे टाकते, मोजमाप दादा तुम्ही एकदा नजर घाला.